सेट नामक इसमाची कैफियत

आमच्या दिंडोशीतील गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीने एके दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास, कोणाचीही परवानगी न घेता, जिन्याच्या पायऱ्यांवरून प्रपाताचे रूप धारण करून खाली उतरावे आणि तळमजल्यावरच्या तीन बिऱ्हाडांच्या दिवाणखान्यांत दारावरची घंटा वाजवण्याचाही शिष्टाचार न पाळता प्रवेश करावा, या घटनेचे मला तितकेसे आश्चर्य वाटले नसते. कारण टाकी जुनी आहे, आणि वयोमानाने आवर सुटणे हे काही टाक्यांपुरतेच मर्यादित नाही. आश्चर्य वाटले ते याचे, की आदल्या सायंकाळी याच टाकीच्या दुरुस्तीसाठी आलेल्या प्लंबरने, हातातला पाना पिशवीत टाकता टाकता, मला निःसंदिग्ध आश्वासन दिले होते, "काका, टेन्शन घेऊ नका. सगळं सेट आहे."

दुसऱ्या दिवशी त्यास पाचारण करून मी, बत्तीस वर्षे कोर्टाच्या दप्तरात शिरस्तेदारी केलेल्या माणसाच्या सवयीप्रमाणे, त्याची जबानी घेऊ लागलो.

"सगळं सेट आहे, असं तू काल म्हणालास की नाही?"

"म्हटलं ना."

"मग हे काय?"

"काका, तेव्हा सेटच होतं. रात्रीत हललं."

या जबाबात कायद्याच्या दृष्टीने एकही छिद्र सापडेना. सापडली तेवढी सारी टाकीत होती. त्याने पुन्हा दुरुस्ती केली, पुन्हा तेच दोन अक्षरी अभयवचन दिले, आणि पैसे घेऊन तो निघून गेला. एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर प्रस्तुत लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. परंतु दैवाने त्याच सुमारास माझ्या गळ्यात एक नवेच लोढणे अडकवून ठेवले होते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून आमच्या संस्थेच्या अंगात जो भाषाभिमान संचारला होता, त्याने पुढल्या २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, ठरावाचे रूप घेतले: यापुढे सूचनाफलकावर लागणारी प्रत्येक सूचना निर्भेळ मराठीत असेल. ठराव एकमताने संमत झाला. एकमताने संमत झालेला ठराव अमलात आणण्याची जबाबदारी, आमच्याकडील वहिवाटीप्रमाणे, सभेस जो गैरहजर असेल त्याच्यावर टाकण्यात येते. आणि मी त्या दिवशी दंतवैद्याकडे कवळी बसवून घेण्यास गेलो होतो.

पहिला प्रश्न उपस्थित झाला तो खुद्द सेक्रेटरींच्या पदनामाचा. 'चिटणीस' हा शब्द मला जन्मभर प्रिय. पण त्याचे शेपूट हे फारसी 'नवीस'चे अपत्य असल्याचे मीच एकदा, विद्वत्तेच्या भरात, चारचौघांत बोलून गेलो होतो, त्यामुळे तो बाद झाला. सबब 'सचिव' हा शब्द मुक्रर करण्यात आला. सेक्रेटरींना तो इतका आवडला, की त्यांनी मंत्रालयातल्यासारखी पितळी पाटी करवून घेतली आणि पाटी लागताच पहिली सूचना शुद्धीकरणासाठी माझ्याकडे धाडली. मजकूर असा होता: 'ऑल मेंबर्सना कळविण्यात येते की टाकीचा व्हॉल्व्ह सेट झाला आहे. पंपाचे टायमिंग सेट केले आहे. प्रत्येक मजल्यास गच्चीच्या चाव्यांचा एक सेट मिळेल. प्लंबरशी पेमेंटचे सेट केले आहे.'

चार वाक्ये, चार सेट, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. पहिल्यात घट्ट होणे, दुसऱ्यात ठरवणे, तिसऱ्यात जुडगा, आणि चौथ्यात जो अर्थ होता तो लेखी स्वरूपात न येणेच संस्थेच्या हिताचे होते. शिवछत्रपतींनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे आपण शाळेत वाचतो व मान डोलावतो. परंतु त्या पंडितास किल्ले, तोफा आणि खजिना एवढ्याचीच व्यवस्था लावायची होती, त्याच्या डोक्यावर गळकी टाकी नव्हती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मी ग्रंथालयात जाऊन इंग्रजी कोश उघडला. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची १९८९ सालची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे, आणि तीत या तीन इंग्रजी अक्षरांच्या शब्दाने जो मुलूख काबीज केला आहे, तो पाहून माझा चष्मा आपोआप खाली घसरला. चारशे तीसच्या घरात अर्थ, आणि त्यांची फोड करण्यासाठी खर्ची पडलेले शब्द सुमारे ६०,०००! आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोल्सवर्थसाहेबाने आमच्या भाषेचा जो कोश सिद्ध केला, त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील शब्दसंख्याही ६०,००० च्याच आसपास सांगतात. म्हणजे ज्या ऐवजात त्या सद्गृहस्थाने कोकणपट्टीपासून वऱ्हाडापर्यंतची आमची सगळी भाषा, शिव्या व म्हणींसकट, बसवून दाखवली, तेवढाच ऐवज त्याच्या देशबांधवांना एकट्या 'सेट'ची कैफियत लिहून घेण्यास लागला. अलीकडे 'रन' या शब्दाने ६४५ अर्थांची मजल मारून सेटला मागे टाकल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पण ती धावाधाव तूर्त बाजूला ठेवू.

कोश वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की हा जुना परिचित प्रकार आहे. आमच्या कोर्टात एकाच नावाचे दोन इसम एकाच गावात निघत, समन्स एकाचे दुसऱ्यास लागू होई आणि दोघेही वर्षानुवर्षे एकमेकांच्या तारखांना हजर राहत. सेटचेही नेमके तसेच आहे. हा एक इसम नसून दोन आहेत.

इसम क्रमांक एक म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'सेट्टन', अर्थ बसवणे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे दुसऱ्यास बसवणे; धातू आणि त्याचे प्रयोजक रूप. या घराण्याचा मूळ पुरुष आपल्या 'सद्' धातूचा सख्खा भाऊ निघाला. आपल्याकडे 'सीदति' म्हणजे बसतो आणि 'सादयति' म्हणजे बसवतो. याच सद् धातूची आपल्याकडील शाखा पाहिली तर सभासद, संसद, परिषद आणि गुरूच्या पायाशी बसून ऐकण्याचे उपनिषद अशी एकाहून एक प्रतिष्ठित मंडळी तीत दिसतात. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या नागरी निवारा परिषदेतर्फे सामान्य माणसांसाठी आमच्या दिंडोशीत घरे उभी केली, त्या परिषदेच्या नावातही हाच सद् मांडी घालून बसला आहे. प्रसाद आणि विषाद हे दोघेही याच कुळातले. आमच्या सर्वसाधारण सभेत चहाबरोबर पहिला वाटला जातो व अखेरीस दुसरा.

इसम क्रमांक दोन म्हणजे कपबशांचा, चाव्यांचा वगैरे सेट. हा मुळात लॅटिन 'सेक्टा', अर्थात अनुयायांचा मेळा. मध्ययुगात फ्रेंचांच्या दारावरून तो इंग्रजांच्या घरात शिरला आणि नामसादृश्याचा फायदा घेऊन पहिल्याच्या शिधापत्रिकेवर दाखल झाला. त्याचे मूळ 'मागे जाणे, अनुसरणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, आणि त्या धातूचा आपल्याकडचा भाऊबंद आहे 'सच्'. त्या सच् धातूपासून आपल्याकडे कोण झाले असेल? सचिव.

हा शोध लागला त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी पितळी पाटीखाली उभा राहिलो.

"साहेब, एक आनंदाची वार्ता आहे. आपण आणि चहाच्या कपांचा सेट, एकाच वंशाचे."

सचिवांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. "तुम्ही हे सर्वसाधारण सभेत बोलणार आहात का?"

"अद्याप ठरवलं नाही."

"ठरवू नका," ते म्हणाले. "आणि ती सूचना कधी देताय? लोक चाव्या मागतायत."

घरी आलो तर कपांचाच खटला उभा होता. आमच्या लग्नात आलेला सहा कपांचा एक सेट गेली चाळीस वर्षे काचेच्या कपाटात, कोणाच्याही ओठांना न लागता, अखंड ब्रह्मचर्य पाळून उभा होता. व्युत्पत्तीच्या आनंदात मी त्यातील एक कप हाती घेऊन सौभाग्यवतींना लॅटिन मेळ्याची कथा सांगू लागलो आणि हातवाऱ्यांच्या ओघात तो अनुयायी मेळ्यातून कायमचा निघून गेला.

"मोडला सेट!" ती म्हणाली.

"एक कप फुटला. पाच शाबूत आहेत."

"पाच कपांचा कुठं सेट असतो? चढवा ते माळ्यावर."

मी न्यायासाठी नववीत शिकणाऱ्या नातवाकडे वळलो. त्याच्या गणिताच्या पुस्तकात 'सेट'ला 'संच' म्हणतात, हे मला ठाऊक होते. "काय रे, पाच कपांचा संच होतो की नाही?"

"आजोबा, शून्य कपांचासुद्धा होतो. त्याला रिक्त संच म्हणतात."

"तेवढाच यांच्या हातून व्हायचा राहिलाय," स्वयंपाकघरातून अभिप्राय आला.

'संच' हा शब्द मला पसंत पडला, यात शंका नाही. पण तो फक्त इसम क्रमांक दोनच्या मापाचा आहे. 'टाकीची झडप संच झाली' असे लिहिले असते, तर शुद्धलेखनाच्या नव्हे, माझ्या प्रकृतीच्या चौकशीसाठी माणसे आली असती. कोर्टातही आम्हांस 'सेट' हा शब्द भेटे. हुकूम 'सेट असाइड' झाला की आम्ही 'रद्दबातल' लिहीत असू. 'सेट ऑफ'चा मुद्दा निघाला की 'वजावट' लिहीत असू. दह्याला तर आमच्या घरात कोणी सेट होऊ देत नसे, ते लागत असे, जसा गवयाचा सूर लागतो. प्रत्येक कामास स्वतंत्र कारकून नेमण्याची ती पद्धत होती. आता साऱ्या खात्यांचा चार्ज एकाच इसमाकडे आला आहे, आणि तो कोणत्या खात्याचे काम करतो आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

याच सुमारास माझ्या भाच्याच्या लग्नाचे घाटत होते. भाचा कलादिग्दर्शकाचा मदतनीस असून आमच्याकडेच राहतो. वधूपित्याचा फोन मीच घेतला.

"मुलगा सेट आहे ना?" त्यांनी विचारले.

"हो तर! सकाळी सातपासून सेटवरच असतो."

"तसं नव्हे हो. म्हणजे सेटल."

"नाही नाही, जागा सारखी बदलते. मागच्या महिन्यात तुरुंगात होता, सध्या देवळात आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. दादासाहेब फाळके चित्रनगरीत तुरुंग, देऊळ, गाव, कोर्ट असे सगळे देखावे नित्य उभारले जातात, हे सांगण्यास मला अवधीच मिळाला नाही. १९७७ साली राज्य शासनाने आमच्या शेजारी वसवलेली आणि २००१ साली फाळक्यांच्या नावाने अलंकृत झालेली ही ५२० एकरांची नगरी आमच्या घरापासून इतकी जवळ आहे, की तिच्यातील सूर्यास्त कधी कधी आमच्या सूर्यास्ताच्या आधी होतो. भाच्याची समजूत घालावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन स्वतःच तिकडे गेलो.

"कौनसे सेट पे?" पहारेकऱ्याने विचारले.

"भाच्याच्या."

त्याने मला ज्येष्ठ कलावंत समजून आत सोडले. भाचा दिसेना, पण एका कोपऱ्यात साक्षात कोर्ट उभे होते. न्यायासन, पिंजरा, वकिलांची मेजे, भिंतीवर गांधीजींची तसबीर, आणि न्यायासनाखाली, अगदी जिथल्या तिथे, शिरस्तेदाराची रिकामी खुर्ची! माझ्या घशात आवंढा आला. इतक्यात एका तरुणाने माझ्या हातातला डबा काढून घेतला, अंगावर काळा कोट चढवला आणि म्हणाला, "अंकल, पटकन तिथं सेट व्हा."

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मी पुन्हा सेट झालो. समोर खटला सुरू झाला. न्यायाधीशाने दाणकन हातोडा आपटला. मी दचकून उठलो आणि त्या तरुणाला कानात सांगितले, "अहो, आपल्याकडच्या कोर्टात न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत."

"अंकल, हातोडा सेटमध्येच येतो."

मग साक्षीदाराने गीतेवर हात ठेवला. १९६९ च्या शपथ अधिनियमात शपथेचा जो नमुना दिला आहे, त्यात ग्रंथावर हात ठेवण्याची बात नाही, हेही मी सांगितले. "गीतापण सेटमध्येच येते," तो म्हणाला. अकरा मिनिटांत उलटतपास आटोपला, चौदाव्या मिनिटास खरा खुनी रडू लागला आणि विसाव्या मिनिटास निकाल लागला. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या वेळात पुकाराही पुरा होत नसे. निकालाच्या त्या वेगाने मला भोवळ आल्यासारखे झाले आणि जुन्या सवयीने मी मान मागे टाकून कोर्टाच्या भिंतीला टेकलो. भिंत गेली. तिच्यामागे एक इसम मारुतीला शेंदरी रंग देत होता, तो रंगासह माझ्या अंगावर आला.

"कट!" सगळीकडून आवाज उठला. भाचा धावत आला. तो देवळाच्या बाजूला होता. मला उठवत तो कळवळून म्हणाला, "मामा, सेटला टेकायचं नसतं हो!"

दिंडोशीत खरेही सत्र न्यायालय आहे. त्याच्या भिंतींना टेकता येते. आणि तिथे येणाऱ्या पक्षकारांना टेकण्याखेरीज पुष्कळदा दुसरे कामही नसते. परतताना पहारेकऱ्याने माझ्या शेंदरी कोटाकडे आदराने पाहत सांगितले, की रात्रीच्या वेळी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या येतो आणि कधी कधी थेट सेटवर जाऊन बसतो. बिबटे चित्रनगरीत शिरल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. मला मात्र त्या क्षणी वाटले, की या शब्दाचा मूळ धात्वर्थ सगळ्या परिसरात त्या एका जनावरालाच नीट कळला आहे.

घरी येतो तो गच्चीवर गवंडी आला होता. टाकीखालचा चबुतरा नव्याने बांधून त्याने मला बजावले, "सेट व्हायला वेळ द्या, काका." सिमेंटच्या बाबतीत हा शब्द निदान प्रामाणिक आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांच्या आत घट्ट होण्यास आरंभ करू नये आणि ६०० मिनिटांच्या पलीकडे अघळपघळ राहू नये, असा कडक दंडक आहे. याच मोजमापाने आमच्या कार्यकारी समितीची परीक्षा घेतली, तर १९९८ पासूनचे पार्किंगचे प्रकरण पाहता, तिचा आरंभही अद्याप झालेला नाही असे म्हणावे लागेल.

रात्री जेवताना मी चारही सेट सौभाग्यवतींपुढे मांडले आणि कबूल केले, की रघुनाथपंडितांस जे साधले ते मला साधत नाही.

"अहो, सेट म्हणजे बसवणे. त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "आपण गणपती बसवतो, खडा बसवतो, नऊवारीची घडी बसवतो, तुमचं मंडळ नाटक बसवतं, सरकार कर बसवतं. तुम्ही स्वतः कवळी बसवून आलात."

माझा घास हातातच राहिला. बसणे आणि बसवणे! सिट आणि सेट! सीदति आणि सादयति! वीस खंड धुंडाळून जे गवसले नाही, ते आमटीच्या वाटीशेजारी पडले होते. ज्ञानेश्वरकाळी 'बैसणे' होते, त्याचे आपण 'बसणे' केले, आणि तोवर इंग्रजांच्या सेटइतकीच कामे त्याच्या डोक्यावर लादूनही टाकली. मी हात धुतले न धुतले तोच लेखणी घेतली आणि रातोरात सूचना लिहून, सचिवांची सहीदेखील न घेता, पहाटे स्वतःच फलकावर लावली:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, नव्या चबुतऱ्यावर टाकी बसली असून पंपही बसला आहे. पाण्याची वेळ बसविण्यात आली आहे. याकामी आलेला खर्च प्रत्येक बिऱ्हाडास समप्रमाणात बसेल. चाव्यांचे संच कार्यालयात मिळतील.'

सकाळी सात वाजता आरोळ्या ऐकून मी खाली धावलो. इमारतीतल्या यच्चयावत बादल्या, पातेली, पिंपे, एका बिऱ्हाडातला लोणच्याचा मोठा चिनी मातीचा बरणा आणि माझ्याच घरातले पाच कप नळाखाली लागले होते. मराठीत, हे मला त्या क्षणी आठवले, आवाज बसतो तेव्हा तो जातो. धंदा बसतो तेव्हा तो बुडतो. पावसाळ्यात भिंत बसते तेव्हा खालून माणसे बाहेर काढावी लागतात. टाकी बसली, पंप बसला आणि वर खर्चही आपल्याला बसणार, हे वाचून सभासदांना जो धक्का बसला, त्याने साडेसातच्या आत टाकी रिकामी झाली. आठ वाजता सचिव पितळी पाटीखाली येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत.

सूचना अजून तिथेच आहे, कारण ती काढण्यास ठराव लागेल. मात्र त्याच दिवशी दुपारी कोणी तरी तिच्याखाली लाल पेन्सिलीने एक ओळ लिहिली आणि त्यानंतर पाण्याविषयी कोणाचीही तक्रार आलेली नाही. ती ओळ अशी: 'म्हणजे सगळं सेट आहे.' हस्ताक्षर कोणाचे याची चौकशी समितीने तूर्त तहकूब ठेवली आहे. शिरस्तेदारी केलेल्या माणसाच्या नजरेला ते आमच्या स्वयंपाकघरातील वाणसामानाच्या यादीवरच्या अक्षरासारखे दिसते. पण मी लेखी काहीही देणार नाही.